मधली चार घरं आणि आबांचं प्यादं

जानेवारीतला तिसरा रविवार. ठिकाण: धुळे, शेठच्या कापड दुकानावरचा हॉल. हजर, जळगावकडून: पहिल्या पटावर घड्याळवाले चाचा, आमचे कप्तान. दुसऱ्या पटावर कॉलेजच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ. हे दरवर्षी शांतपणे जिंकतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या पटावर मी. चौथ्यावर आबा, माझे सासरे. धुळ्याकडून चौघे, त्यांतले चौथे खुद्द शेठ. पंच एरंडोलचे, कारण एरंडोल दोन्ही शहरांच्या मधे येतं आणि तिथल्या माणसावर दोन्हीकडच्यांना सारखाच संशय घेता येतो. गैरहजर: माझे यजमान. त्यांना बुद्धिबळ येत नाही आणि ते न येण्याचा त्यांना अभिमान आहे.

जळगाव विरुद्ध धुळे हा सामना वर्षातून एकदा होतो. बक्षीस नाही. हरलेल्यांनी पुढच्या वर्षी जेवण द्यायचं, एवढंच. पण त्या वर्षी आमच्या घरात या सामन्याची परीक्षेसारखी तयारी चालली होती, आणि त्याला कारण एक नियम होता. सलग तीन वर्षं जो हरेल त्याने पट सोडायचा. नियम चाचांनी सुचवला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, मी फक्त लिहून काढला होता. माझा अनुभव असा की नियम कोणीही सुचवो, जो लिहून काढतो त्याचाच तो होतो. आबा दोन वर्षं हरले होते. जामनेरच्या बाजार समितीतला एक हुशार माणूस नव्याने आमच्यात यायला लागला होता आणि कुठला पट रिकामा होतोय का, हे फार नम्रपणे विचारत होता.

आबांना त्या पटाचं काय होतं, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. शेठ आणि आबा धुळ्यात एका गल्लीत वाढले. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण शेठ अहिराणी बोलायला लागले की आमच्या गावाकडचे लोक दचकतात. दोघं लहानपणी दुकानाच्या ओट्यावर पट मांडायचे. आबा नोकरीसाठी जळगावला आले, राहिले, आणि मग भेटायला निमित्त उरलं ते या सामन्याचं. फोनवर दोघांना बोलता येत नाही, "बरा शे का?" "बरा शे," आणि बंद. बोलणं होतं ते वर्षातून एकदा, पटावर, आणि तेही बहुतेक टोमण्यांचं.

आबांचं हरण्याचं कारण मी शोधून काढायचं ठरवलं. कारण शोधलं की उपाय लिहिता येतो.

आबा ओट्यावर शिकले तो देशी खेळ. त्यात प्यादं नेहमी एकच घर चालतं. कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत हत्तीला सोबत घेऊन राजाला कडेला नेणं, त्यात नाही. त्याऐवजी राजाला शह लागलेला नसेल तर त्याला आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पुढे आबा रीतसर नियमांनी खेळायला लागले, कॅसलिंगही स्वीकारलं. "त्यात हत्तीबी सोबत शे, एकटा कोनी पळत नही," म्हणाले. पण प्याद्याची सुरुवातीची दोन घरं त्यांच्या हाताला कधी पटली नाहीत. नियमाने चालतात हे मान्य, पण हात एका घरावर थांबणार म्हणजे थांबणार.

त्या वर्षी चौथ्या पटावर आमच्याकडे काळी मोहरी येणार होती. मी मोबाईलवर काळ्यासाठी सुरुवातीच्या चाली शोधल्या, एकेक बघून खूण करत गेले. बहुतेकांत तेच: मधली चार घरं महत्त्वाची, तिथं आपलं प्यादं रोवा. हे मला पटत होतं. कुठल्याही कामात मी आधी मधली जागा धरते; लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पालकसभेत, गॅस सिलिंडरच्या रांगेत. मग एक भलताच प्रकार समोर आला. समजावणारा माणूस म्हणाला, ही अतिआधुनिक पद्धत आहे, काळ्याने मधली घरं पांढऱ्याला देऊन टाकायची. आपण घोडा बाहेर काढायचा, त्याच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवायचं, त्या कोनाड्यात उंट बसवायचा, राजा सुरक्षित करायचा, आणि समोरच्याला मधे येऊ द्यायचं.

मी व्हिडिओ थांबवला. वाटलं, ह्याला कोणीतरी पैसे देऊन हे बोलायला लावलंय.

मग पडद्यावरचा पट नीट बघितला आणि आबांना हाक मारली.

"आबा, हे ओळखीचं वाटतं का?"

आबांनी चष्मा पुढे ओढला. "हाऊ मनाच डाव शे. तुना मोबाईलमां कसा गया?"

खरंच होतं. एक घर, एक घर करत आबा गेली कित्येक वर्षं हेच मांडत होते. आमच्या घरातला सगळ्यात आधुनिक, नव्हे अतिआधुनिक माणूस म्हणजे जो मिक्सरचा आवाज आला की गॅलरीत जाऊन बसतो तो. यजमानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग हरतात का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला.

पुढचे काही दिवस दुपारी जेवणं आटोपली की मी पांढरी घेऊन आबांसमोर बसायला लागले. मधली घरं मला मिळायची. राजा, वजीर आणि दोन्ही उंटांसमोरची अशी चार प्यादी मी एका ओळीत पुढे उभी करायचे, आणि आवरलेल्या कपाटाकडे बघून वाटतं तसं समाधान व्हायचं. आबा त्यांच्या कोनाड्यात. मग मी पुढे सरकायचे, आबा आणखी आत, आणि शेवटी त्यांना हलायला घर उरायचं नाही. व्हिडिओतला माणूस सांगत होता तसं पांढऱ्याचं काही कोसळत नव्हतं. मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला. तेव्हा कळलं की मी तो उंट बसण्यापर्यंतच ऐकला होता. पुढचा भाग मला न पटल्यामुळे मी बंद केला होता. पुढे तो म्हणत होता की मधली घरं देणं हे अर्धंच काम आहे. वेळ आली की बाजूने धक्का मारायचा. वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, एका दमात, पांढऱ्याच्या प्याद्याच्या तोंडासमोर. एक घर सरकवून मग दुसरं असं केलं तर उशीर होतो.

म्हणजे सगळा डाव आबांचाच. फक्त त्यातली एक चाल आबांची नव्हती, आणि नेमका तिच्यावर डाव उभा होता.

"आबा, हे प्यादं दोन घरं टाकायचं."

"प्यादं चालतं. उड्या मारत नाही."

"नियमात आहे."

"नियमात राजाला एक उडी होती. ती तुम्ही लोकांनी काढून घेतली आणि प्याद्याला दिली. राजानं काय वाकडं केलं होतं?"

"आबा, मी नाही काढून घेतली."

"लिहून तर तूच ठेवतेस सगळं."

मी पटाच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: घोडा, प्यादं, उंट, प्यादं, कॅसलिंग, धक्का. आबा चिठ्ठीप्रमाणे पाच चाली बिनचूक खेळायचे. सहावीला हात प्याद्यावर जायचा, एक घर पुढे व्हायचा, आणि प्यादं तिथं ठेवून आबा पाणी प्यायला उठायचे. खरं सांगायचं तर त्यांना दोष देण्याचा मला फार अधिकार नव्हता. मलाही ती पद्धत पटलेली नव्हती. आधी जागा सोडायची आणि मग तिच्यासाठी भांडायचं, यापेक्षा आधीच धरून ठेवली असती तर? मी शिकवत होते, पण मला समजलेलं नव्हतं.

समजलं ते जळगावच्या बसस्टँडवर.

आम्हा चौघांना धुळ्याच्या बसने जायचं होतं. बस लागली तेव्हा मी आणि आबाच पोहोचलो होतो. मी खिडकीतून आत रुमाल टाकला, मग दरवाज्यातून शिरून मधल्या भागातल्या चार जागा धरल्या: एकीवर रुमाल, दुसरीवर आबांची शाल, तिसरीवर बुद्धिबळाच्या घड्याळाची पिशवी, चौथीवर भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा डबा. चार जागा, ओळीत. आबा खाली उभे राहून गर्दी चढताना बघत होते.

पहिल्यांदा एक बाई आल्या, कडेवर मूल. "शालीवर कोण बसलंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, येतायत. त्यांच्याशी बोलेपर्यंत मागे एकाने डबा उचलून मांडीवर घेतला आणि तो बसला. "तुमचाच ना डबा? मी सांभाळतो." मी त्याच्याकडे वळले तर पुढे एका आजोबांनी रुमाल घडी करून माझ्या हातात दिला. आजोबांशी वाद घालता येत नाही. परत आले तोवर त्या बाई शाल सरकवून बसल्या होत्या, मूल पिशवीवर बसलं होतं आणि आतलं घड्याळ टिकटिकायला लागलं होतं. माझ्याकडे एका क्षणी चार जागा होत्या, आणि दुसऱ्या क्षणी एकही नाही, आणि चौघांच्या सामानाला मी एकटी जबाबदार. चाचा आणि प्रयोगशाळेतले गृहस्थ धावत चढले, तेव्हा मी उभीच होते.

"ताई, जागा धरल्या होत्या ना?" चाचांनी विचारलं.

"धरल्या होत्या," मी म्हटलं.

सगळे बसून झाल्यावर आबा सावकाश चढले, मागच्या बाकावर एक कोपरा उरला होता तिथं टेकले, आणि तिथून हाक आली, "बेटा, डबा इकडे दे. तुझा एक हात तरी मोकळा होईल."

एरंडोलला ती मूलवाली बाई उतरली, मी बसले. पंच तिथेच चढले. मी त्यांना नमस्कारही धड केला नाही, कारण माझ्या डोक्यात पट मांडला गेला होता. धरलेल्या चार जागांना मी कशी पुरी पडले नाही ते मला दिसत होतं. चार प्यादी ओळीत उभी करून मला जे समाधान व्हायचं, ते मुळात चार राखणदाऱ्या अंगावर घेण्याचं होतं. पण ते ओझं होतं ते कोणी डबा उचलायचं धाडस केलं तरच. नुसतं कोपऱ्यात बसून राहिलं तर मधल्या जागा आरामात धरलेल्याच राहतात.

पारोळ्याला बस थांबली तेव्हा मागे जाऊन आबांना सांगितलं. "आबा, शेठ चार जागा धरतील. धरू द्या. पण मग डबा उचलावा लागेल."

आबा हसले. "तो माणूस तुला न विचारता बसला, ते बरोबर होतं म्हणतेस?"

"बसमधे नाही. पटावर."

"बघू," आबा म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होतो.

धुळ्याला चहा झाला, डाव लागले. शेठनी पांढरी घेतली आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे एकेक करून चारही प्यादी दोन-दोन घरं पुढे आणून उभी केली. दुकानात एसी बसवला त्या वर्षापासून ते असे खेळतात. आबा आपले कोनाड्यात.

"काय रे आबा," शेठ म्हणाले, "बठ्ठं मैदान मनंच शे का?"

"तुनंच शे. झाडी काढ." सगळं मैदान तुझंच आहे तर झाडून काढ, असा हा टोमणा.

पंचांनी दोघांना गप्प केलं. मी माझ्या पटावर बरोबरी मागितली, समोरच्याने दिली, आणि खुर्ची थोडी फिरवून बसले. आबांनी कॅसलिंग केलं. सहावी चाल. हात वजिराकडच्या उंटासमोरच्या प्याद्यावर गेला. एक घर पुढे झाला. थांबला.

पण बोटं सुटली नाहीत. बोटं सुटेपर्यंत चाल पुरी होत नाही. प्यादं त्या घरावर उभं, आबांचा हात त्याच्या डोक्यावर, जणू बस एरंडोलला थांबली आहे आणि कोणी चढतंय का ते बघतेय. मग हात आणखी एक घर पुढे गेला, प्यादं ठेवलं, आणि आबांनी घड्याळ दाबलं.

शेठनी आधी प्याद्याकडे बघितलं, मग आबांकडे. "आबा! दोन घर?"

"नियम शे," आबा म्हणाले.

शेठनी ते प्यादं मारलं. आबांचा वजीर पटाच्या कडेला गेला, तिथून घोड्याला आणि मधल्या प्याद्याला धाक घालून परत येऊन त्याने मारणारं प्यादं खाल्लं. आणि आता तो अशा घरात बसला होता की शेठचा राजा कॅसलिंग करून जिथं जाणार तिथं त्याची थेट नजर. कॅसलिंग बंद. चारातली तीन प्यादी उरली होती, प्रत्येकाला राखण हवी होती, आणि राजा मधे उघडा. व्हिडिओतला माणूस इथं खुशीने टाळी वाजवत असे. शेठनी घोड्यासमोरचं प्यादं उगाच एक घर सरकवलं. आबांनी एक हत्ती मधल्या रांगेकडे आणला. पुढच्या दोन-तीन चालींत मधली रांग उघडणार, हे मलासुद्धा दिसत होतं.

शेठ खूप वेळ बसले. पंच पहिल्या पटावर गेले होते, तिथं चाचांच्या घड्याळाचा काहीतरी वाद होता. चाचा सामन्यात मोहऱ्यांपेक्षा घड्याळच जास्त बघतात. मग शेठनी राजा उचलला, आणि घोडा उडी मारतो तशी उडी मारून तो त्या सरकवलेल्या प्याद्याच्या मागे, मोकळ्या झालेल्या घरात नेऊन ठेवला.

मी आबांकडे बघितलं. आबांनी मान डोलावली, चाल लिहिली, आणि खेळायला लागले.

मला ओरडावंसं वाटलं. चाचांचा डाव तेवढ्यात आटोपला होता, मी त्यांच्या बाहीला धरून कुजबुजले, "चाचा, राजानं उडी मारली!"

चाचांनी पट बघितला आणि डोळे मिटले. "ताई, बघणाऱ्यानं बोलायचं नसतं. हा नियमही तुमच्याच अक्षरात आहे."

पंच परतले तोपर्यंत आणखी काही चाली झाल्या होत्या आणि पट बघून कोणालाही काही वावगं वाटलं नसतं. आबांची सगळी मोहरी मधल्या रांगेवर रोखलेली, आणि राजा तिथं नव्हताच. शेठचे हत्ती मोकळे झाले. अतिआधुनिक डावाने जे कमावलं होतं ते एका जुन्या उडीने गेलं. आबांनी थोडं झुंजवलं, मग राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

हात मिळवून झाल्यावर मी बोलले. डाव संपला होता, आता बोलता येत होतं. "पंच, पांढरा राजा तिथं कसा गेला, ते जरा बघा."

पंचांनी दोघांचे चालींचे कागद घेतले. शेठच्या कागदावर लिहिलं होतं, "राजा उडी". आबांच्या कागदावर, त्याच चालीपुढे, "राजा उडी".

पंचांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "दोघांचं जुळतंय," ते म्हणाले. "फक्त अशी चाल नाहीये."

शेठ एकदम लाल झाले. "अरे देवा. हात गेला, आबा. तू समोर, कोनाड्यात तुझा उंट... ओट्यावर बसल्यासारखं झालं. तू बोलला का नही?"

"काय बोलू? तुले शह लागेल नव्हता. उडी बाकी होती तुनी."

"डाव संपायच्या आत तक्रार हवी होती," पंच म्हणाले. "तरी तुमची तक्रार असेल तर, आबा, मी दोन्ही कप्तानांशी बोलतो."

"तक्रार कसली? मी दोन घरं गेलो, तो एक उडी गेला. फिट्टंफाट."

"आबा, हा तिसरा," मी हळूच म्हटलं.

शेठनी ऐकलं. नियम त्यांनाही माहीत होता, त्याची एक प्रत मीच त्यांना पाठवली होती. ते उठले, शेवटच्या खुर्चीला धरून उभे राहिले. "पुढल्या वर्षी हा नसला तर मी चौथ्या पटावर बसत नाही. तुमच्या त्या जामनेरवाल्याला आमच्या मुनीमाशी खेळवा."

"म्हणजे तुम्ही जिंकून पट सोडणार?" चाचांनी विचारलं.

"सोडणार."

"त्याला नियम नाही."

"मग ताईंना लिहायला सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डबा उघडला. शेठसाठी बिनकांद्याची भाजी वेगळी बांधली होती, ती आधी वाढली. आबा आणि शेठ एकाच ताटाजवळ बसले आणि कोणाची उडी कधी बाकी होती यावर दोघांचं खरं बोलणं सुरू झालं. ते आम्ही परतीची बस धरेपर्यंत संपलं नाही. परतताना मी जागा धरल्या नाहीत. सगळ्यांनी उभं राहून माझं कौतुक केलं.

पारोळ्याच्या पुढे आबा म्हणाले, "प्यादं दोन घरं गेलं की नाही?"

"गेलं, आबा."

"मग झालं."

पण झालं नाही. त्या दिवसापासून आबांच्या हाताची भीड मोडली. आता ते पहिल्याच चालीला मधलं प्यादं दोन घरं टाकतात, मग दुसरं, मग तिसरं, आणि मधल्या चारही घरांवर बसून माझ्याकडे शेठसारखं बघतात. कोनाड्यातला उंट त्यांना आता भित्रेपणाचा वाटतो. त्यांचा तो जुना डाव मी खेळते, काळ्याकडून, आणि त्यांची चार घरं बहुतेक वेळा पाडते. व्हिडिओतल्या माणसाचं म्हणणं मला पूर्ण पटलं आहे. आबांना पटवायला मात्र आता उशीर झाला.

धुळ्याहून दोनदा विचारणा आली आहे, चाचांनीही आठवण केली आहे: पुढच्या सामन्याची आमची यादी अजून का आली नाही. तीन नावं लिहून ठेवली आहेत. जामनेरवाले परवा भेटले, काही बोलले नाहीत, फक्त नमस्कार जरा जास्त वाकून केला. आबा रोज सकाळी विचारत नाहीत, आणि ते विचारत नाहीत हे मला दिसतं. चौथ्या पटासमोरचं नाव लिहायचं आहे, त्याआधी चाचांना भेटून नियमाचं काय ते ठरवायचं आहे, आणि यादी या आठवड्यात धुळ्याला पाठवायची आहे.